विश्लेषण : विंडोजने नाकारलेला संगणक लिनक्सवर गेम खेळेल? घरचा सर्व्हर होईल?

धुळ्यात पांझरा ओलांडून देवपुरात शिरले की नकाणे रोड, वाडीभोकर रोडच्या बाजूला विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्या सुरू होतात. साक्री, शिरपूर, शिंदखेड्याहून शिकायला आलेली मुले तिथे राहतात. अशा खोलीत टेबलाखाली बऱ्याचदा एक काळा डबा असतो. त्याला कोणी कॅबिनेट म्हणत नाही, सगळे ‘सीपीयू’च म्हणतात. बारावीनंतर वडिलांनी हप्त्यावर घेऊन दिलेला किंवा मोठ्या भावाकडून आलेला. त्यात विंडोज ‘दुकानवाल्याने टाकून दिलेली’ असते आणि त्यावर अभ्यासापेक्षा गेम जास्त चालतात. हा डबा आता अडचणीत आला आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. वैयक्तिक वापरासाठी सुरक्षा दुरुस्त्यांची एक वाढीव मुदत आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. संगणक उद्या बंद पडणार नाही, पण नव्या सापडलेल्या भगदाडांना ठिगळे मिळणार नाहीत. दुकानात विचारले तर उत्तर ठरलेले : ‘नवीनच घ्या.’ त्यातच २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरनी मेमरी चिप उचलल्याने रॅम महागली आहे. म्हणजे ‘नवीनच घ्या’ हा सल्ला ऐन महागाईत आला आहे.

अशा वेळी लिनक्सचे नाव निघते. जुन्या संगणकावर लिनक्स टाका, गेमही खेळा आणि तोच घरचा सर्व्हर करा, असे हौशी लोक सांगतात. यातला निम्मा भाग खरा आहे. उरलेल्या निम्म्यात नवशिक्याचे हात पोळतात.

कोणता संगणक बाद झाला?

विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. काही मोजके अपवाद सोडले तर २०१७ च्या आधीची यंत्रे यात बसत नाहीत. या अटीचा यंत्राच्या ताकदीशी फारसा संबंध नाही. सातव्या पिढीचा कोअर आय-५ आजही ब्राउझर, वर्ड, कोडिंग सहज पेलतो. शिवाय त्याच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये एचईव्हीसी पद्धतीचा १० बिट व्हिडीओ उलगडण्याची सोय आहे आणि घरच्या व्हिडीओ सर्व्हरला नेमके तेच हवे असते. विंडोज ११ च्या दारात अडवलेली चिप दुसऱ्या कामाला अगदी योग्य निघते, हा गमतीचा भाग.

लिनक्सला टीपीएमची अट नाही. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी ‘हौस म्हणून’ जाहीर केलेले हे काम आज अँड्रॉइड फोनच्या पोटातही आहे. म्हणजे हा मजकूर अँड्रॉइडवर वाचणारा प्रत्येक जण लिनक्स वापरतोच आहे. आपल्याकडे मात्र २००१ पासून लाखो मुले एमएस-सीआयटी झाली आणि संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण पक्के बसले. केरळच्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरकडे वळल्या, संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर आधारलेली ‘माया’ आणली. महाराष्ट्रातल्या शाळांनी याकडे कधी गांभीर्याने पाहिले नाही, ही चूकच झाली.

विंडोजचा गेम लिनक्सवर चालतो कसा?

आजी अहिराणीत ‘काय शे?’ विचारते, समोरच्या बँक अधिकाऱ्याला फक्त हिंदी येते, मध्ये नातू बसतो. आजीला हिंदी शिकावी लागत नाही आणि अधिकाऱ्याला अहिराणी. लिनक्सवर हे नातवाचे काम ‘प्रोटॉन’ करतो.

विंडोजसाठी लिहिलेला गेम चित्र काढण्यासाठी ‘डायरेक्टएक्स’च्या भाषेत हुकूम सोडतो. लिनक्सला ती भाषा येत नाही, पण ‘वल्कन’ येते. डीएक्सव्हीके नावाचा भाग डायरेक्टएक्सचे हुकूम वल्कनमध्ये फिरवतो. बाकीच्या विंडोजी मागण्या, म्हणजे फाइल उघड, आवाज काढ, कळ दाबली का बघ, १९९३ पासून चालत आलेला ‘वाइन’ प्रकल्प पुरवतो. हे सगळे एकत्र बांधून व्हॉल्व्ह या कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या ‘स्टीम’ दुकानातच बसवले. लिनक्सवर स्टीम टाकायचे, गेम उतरवायचा, ‘प्ले’ दाबायचे. आत दुभाष्या आहे हे खेळणाऱ्याला कळतही नाही.

व्हॉल्व्हने हे परोपकार म्हणून केलेले नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दुकान आले, तेव्हा व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी त्यावर जाहीर टीका केली होती. दुसऱ्याच्या जागेत दुकान चालवणाऱ्याला जागामालकानेही तोच धंदा सुरू केला की जशी धास्ती वाटते, तशीच ही होती. २०१५ ची ‘स्टीम मशीन’ आपटली, कारण तेव्हा दुभाष्या नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेला ‘स्टीम डेक’ चालला, कारण तेव्हा तो तयार होता. स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. आकडा लहानच आहे, पण कित्येक वर्षे तो एका टक्क्याच्या आसपास घुटमळत होता.

एकट्याने खेळायचे बहुतेक गेम आज चालतात. ‘प्रोटॉनडीबी’वर गेमचे नाव टाकले की इतरांच्या यंत्रावर तो कसा चालला हे वाचता येते, आणि ते न वाचता गेम विकत घेऊ नये. नवशिक्याची ठरलेली चूक दुसरीच असते. विंडोजच्या जुन्या डिस्कवर, म्हणजे एनटीएफएस विभागावर असलेले गेम तो तसेच लिनक्समधून उघडायला जातो. प्रोटॉनला ते मानवत नाही. गेम सुरूच होत नाही किंवा मध्येच पडतो, आणि दोष लिनक्सवर जातो. गेमसाठी लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला वेगळा विभाग हवा.

मग अडते कुठे?

अडते ते मित्रांपाशी. खान्देशातला गेमिंगचा मोठा हिस्सा मोबाइलवर आहे. बीजीएमआय खेळणाऱ्याला विंडोज १० गेले काय, राहिले काय, फरक पडत नाही. पण संगणकावर रात्री पाच जण मिळून ‘व्हॅलोरंट’ खेळत असतील, तर त्यांच्यातल्या एकाने लिनक्स टाकल्यावर तो त्या रात्रीतून बाद होतो.

व्हॅलोरंटची ‘व्हॅनगार्ड’ ही फसवणूक पकडणारी यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे व्यवस्थेच्या गाभ्यात बसते. दुभाष्या वरच्या मजल्यावर काम करतो, तळघराची किल्ली त्याच्याकडे नसते. त्यामुळे व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाइट चालत नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ चालत होता, तो ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी कंपनीने मुद्दाम बंद केला. लिनक्समार्गे फसवणूक होते, असे कारण दिले. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये ‘बॅटलआय’ आले आणि तोही लिनक्सच्या हातून गेला. गंमत अशी, की बॅटलआय आणि ‘ईझी अँटी-चीट’ या दोन्ही यंत्रणांनी २०२१ मध्येच प्रोटॉनला आधार देण्याची सोय केली होती. ती वापरायची की नाही हे गेमची कंपनी ठरवते. म्हणजे अडचण पुष्कळदा तांत्रिक नसून इच्छेची असते.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. गाभ्यावर नजर नसेल तर लबाडी पकडणे अवघड जाते आणि लबाडांनी भरलेला गेम कोणी खेळत नाही. पण एका खेळासाठी यंत्राच्या गाभ्याची किल्ली बाहेरच्याला द्यावी का, हा प्रश्न विंडोजवाल्यांनीही विचारायला हवा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे केले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. तो गेम नव्हता, पण त्याचेही सॉफ्टवेअर गाभ्यातच बसलेले होते.

काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र लिनक्सवर थेट चालतात, दुभाष्याशिवाय. त्यामुळे निर्णय घेण्याआधी विचारायचा प्रश्न एकच : मित्र काय खेळतात?

दुसरी अडचण ग्राफिक्सची. डीएक्सव्हीकेच्या २०२२ नंतरच्या आवृत्त्यांना वल्कन १.३ लागते. इंटेलच्या चौथ्या पिढीतल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये वल्कनचा आधार अपुराच आहे. तिथे जुने, हलके गेम चालतील, नव्यांची आशा धरू नये. आपल्याकडे घरोघरी असलेली जीटीएक्स १०५० सारखी कार्डे अजून तग धरून आहेत, पण एनव्हिडियाने त्या पिढीसाठीची ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका ठरवली आहे. ‘लिनक्स टाकला की जुना संगणक नवा होतो’ हे वाक्य गेमच्या बाबतीत तरी खोटे आहे. लिनक्स यंत्राचे आयुष्य वाढवतो, ताकद वाढवत नाही.

घरचा सर्व्हर म्हणजे नेमके काय?

या जोडीतला जास्त कामाचा भाग हा. गेमइतकी त्याची चर्चा होत नाही.

सर्व्हर म्हटले की काचेच्या खोलीतले कपाट डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात चोवीस तास चालू राहून घरातल्या इतर उपकरणांना काही पुरवणारा कोणताही संगणक म्हणजे सर्व्हर. जुना लॅपटॉप चालतो. त्यावर डेबियन टाकावी आणि मग हवे ते : कुटुंबाच्या फोटोंसाठी ‘इमिच’, फाइलींसाठी ‘नेक्स्टक्लाउड’, साठवलेले चित्रपट टीव्हीवर बघण्यासाठी ‘जेलीफिन’, घरभरच्या जाहिराती गाळण्यासाठी ‘पाय-होल’. सगळी मुक्त आणि फुकट.

त्याची गरज का पडावी? समजा, मुलगा नोकरीला पुण्यात हिंजवडीला, आईवडील देवपुरात, आजोबा गावी. लग्नाचे, बारशाचे, शेतातल्या पहिल्या बोअरच्या पाण्याचे फोटो तीन फोनमध्ये विखुरलेले. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा संपली, १५ जीबीत सगळे बसवायचे. जागा भरली की सगळ्यात आधी आजोबांच्या फोनमधले व्हिडीओ पुसले जातात, कारण ‘जुनेच तर आहेत’.

आणि खाते आपले असते ते कंपनीच्या मर्जीपर्यंत. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांनी लहान मुलाच्या दुखण्याचे फोटो डॉक्टरांना पाठवण्यासाठी काढले. गुगलच्या यंत्रणेने ते बालशोषणाचे ठरवून त्यांचे खाते बंद केले. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नसल्याचे सांगितले, तरी खाते परत मिळाले नाही. वर्षांचे मेल, संपर्क, मुलाच्या पहिल्या वर्षांचे फोटो गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे प्रकरण छापले. असे क्वचित घडते, पण ज्याच्याबाबत घडते त्याच्या हातात काहीच उरत नाही.

कागद आपल्याजवळ जपण्याची गोष्ट धुळ्याला नवी नाही. राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या दोन संस्था त्यावरच उभ्या राहिल्या. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरे गोळा केली नसती, तर त्यातली कितीतरी वाळवीने खाल्ली असती. आज कुटुंबाचे दप्तर फोनमध्ये आहे आणि त्याला वाळवीही लागत नाही, ते एका बोटाने पुसले जाते.

पैसे खरेच वाचतात का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवे. जुना डेस्कटॉप नुसता चालू राहिला तरी ५० वॉट खातो असे धरू. दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. युनिटमागे १० रुपये धरले तरी ३६० रुपये. त्यात महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात. महिन्याला ९०-९५ युनिट वापरणारे घर या ३६ युनिटांनी शंभरीच्या पुढे जाते आणि वरचे युनिट महागड्या दराने लागतात. क्लाउडवर १०० जीबी जागा मात्र शे-सव्वाशे रुपयांच्या घरात मिळते. फक्त पैशाचा हिशेब असेल, तर डेस्कटॉप बंद करून जागा विकत घ्यावी.

लॅपटॉपने हिशेब बदलतो. झाकण मिटून ठेवलेला जुना लॅपटॉप १२ वॉट घेत असेल, तर महिन्याला साधारण ९ युनिट होतात. रास्पबेरी पायसारखी चिमुकली पाटी ५ वॉटमध्ये भागवते, पण इमिचसारखे चेहरे ओळखणारे काम चार जीबी मेमरीत रखडते. आठ असलेली बरी. लॅपटॉपचा आणखी एक फायदा : वीज गेली की त्याची बॅटरीच इन्व्हर्टरचे काम करते. सतत चार्जिंगवर राहून बॅटरी फुगू नये म्हणून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधता आली तर बांधावी. आधीच फुगली असेल, तर काढून टाकावी.

पुण्यातून देवपूरच्या घरात शिरायचे कसे?

बहुतेक हौशी इथे अडकतात. घरात वायफायवर सगळे झकास चालते, गल्लीच्या टोकाला गेले की सर्व्हर गायब.

कारण पत्त्यांचा दुष्काळ. इंटरनेटच्या जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत सुमारे ४३० कोटीच पत्ते होते आणि आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा २०११ मध्येच संपत आला. म्हणून इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. एका वाड्यात पन्नास बिऱ्हाडे आणि दारावर एकच नंबर, असा प्रकार. आतून बाहेर पत्र जाते, त्याचे उत्तरही येते, पण बाहेरून नवे पत्र आले तर पोस्टमनला बिऱ्हाड कळत नाही. राउटरमध्ये कितीही ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ केले तरी उपयोग होत नाही, कारण वाड्याचे दार कंपनीच्या ताब्यात असते.

उपाय दोन. आयपीव्ही६ पद्धतीत प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळतो आणि तिच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे. पण मुलाच्या ऑफिसच्या जोडणीवर ती नसेल तर पुन्हा अडले. दुसरा मार्ग ‘वायरगार्ड’चा. २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच असलेला हा खासगी बोगदा. त्यावर बांधलेल्या ‘टेलस्केल’सारख्या सेवेत दोन्ही टोके आतून बाहेर हात पुढे करतात आणि मध्ये हस्तांदोलन होते. फोनवर एक अॅप, सर्व्हरवर एक आज्ञा. नवशिक्याने हाच मार्ग धरावा, आणि तो फक्त सोपा म्हणून नव्हे.

दार उघडे ठेवण्याची किंमत काय?

जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या क्यूनॅप कंपनीच्या घरगुती साठवण यंत्रांतल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइनची खंडणी मागितली. त्यात लग्नाचे अल्बम होते, छोट्या दुकानांचे हिशेब होते.

त्याच वर्षी लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत मोठी चोरी झाली. चोर शिरला तो कंपनीच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातून. त्यावर चित्रपट बघण्यासाठीचे ‘प्लेक्स’ होते, आणि ज्या भगदाडातून तो आत आला ते प्लेक्सने मे २०२० मध्येच बुजवले होते. अभियंत्याने अपडेट केले नव्हते. पगारी तज्ज्ञाची ही गत, तर सेमिस्टरच्या परीक्षेत सहा आठवडे सर्व्हरकडे न बघणाऱ्या विद्यार्थ्याने घराचे दार इंटरनेटला उघडून देऊ नये.

पांझरेच्या काठच्या फड पद्धतीत पाणी कोणा एकाचे नव्हते, पण पाट साफ ठेवण्याची आणि पाळी सांभाळण्याची माणसे ठरलेली होती. मुक्त सॉफ्टवेअरही फुकट मिळते ते तसेच. पाटकऱ्याचे काम घरातल्याच कोणाला तरी करावे लागते. मुलगा पुण्याला गेल्यावर देवपुरातला सर्व्हर कोण बघणार, याचे उत्तर आधी हवे. आईला निदान यंत्र बंद करून पुन्हा चालू करता यावे आणि त्याचा पासवर्ड घरात कुठेतरी वहीत लिहिलेला असावा.

उन्हाळ्यात काय?

परदेशी मार्गदर्शनात हा मुद्दा सहसा नसतो. मे महिन्यात धुळ्याचा पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो, आणि स्लॅबच्या खोलीत रात्री दहालाही भिंत गरम असते. हार्ड डिस्कची सोसण्याची मर्यादा साधारण ६० अंशांची. बंद कपाटात किंवा पोटमाळ्यावर ठेवलेले यंत्र तिच्या जवळ सहज पोचते. मग लोक ते कूलरसमोर ठेवतात. ती ओली हवा आणि पांढरी धूळ दोन महिन्यांत पंख्यावर चिखल करते. खालच्या मजल्यावरची, सावलीची, उघडी फळी बरी. दुपारी यंत्र बंद ठेवले तरी बिघडत नाही. फोटो रात्रीही चढतात.

गेम आणि सर्व्हर एकाच यंत्रावर?

करता येते, पण करू नये. गेमच्या यंत्रावर रोज काहीतरी बदलते : नवा ड्रायव्हर, प्रोटॉनची नवी आवृत्ती, एखादा फसलेला प्रयोग आणि शेवटी ‘पुन्हा टाकतो सगळे’. सर्व्हरवर काहीच बदलू नये. ज्या डिस्कवर आईवडिलांच्या लग्नाच्या स्कॅन केलेल्या फोटोंची एकमेव प्रत आहे, तिच्यावर मध्यरात्री फॉरमॅटचे बटण दाबायची वेळ येऊ देऊ नये.

आणि सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. इमिचची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. तोवर तिचे निर्मातेच, फोटो फक्त इथे ठेवू नका, असे बजावत होते. जुना ठोकताळा तीन-दोन-एकचा : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. देवपूरच्या घराला घराबाहेरची जागा आयतीच आहे. दिवाळीला मुलगा येतो तेव्हा एक बाहेरची डिस्क भरून पुण्याला न्यायची आणि आधीच्या वर्षीची परत आणायची. नेण्याआधी त्यातला कुठलाही एक जुना व्हिडीओ टीव्हीवर लावून बघायचा. आजोबांचा असेल तर त्यांच्यासमोरच.